ताईचा ‘नो’

चादर अर्धी पिळून झाली होती. एक टोक कवळीबाईंच्या हातात, दुसरं त्यांच्या यजमानांच्या. दोघं उलट्या बाजूंना पीळ देत होते आणि मधून पाण्याची धार बादलीत पडत होती. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. कवळीबाईंनी हातातलं टोक सोडलं. पीळ गर्रकन उलटा फिरला आणि सगळं पाणी यजमानांच्या सदऱ्यावर उडालं.

“अगं, सांगून तरी सोड!”

कवळीबाईंचं लक्ष कुठे होतं! खुंटीवरच्या फडक्याला हात पुसत त्या फोनवर “हो, हो, हो” म्हणत होत्या आणि प्रत्येक “हो”बरोबर चेहरा आणखी उतरत होता.

“काय झालं?”

“उद्याची मुलाखत आजच घेतायत. अकरा वाजता. आत्ताच दहा वीस झालेत.”

“म्हणजे चाळीस मिनिटांत इंग्रजी शिकायचं?”

“थट्टा नका करू हो. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.”

“कसं पळेल? सगळं इथे माझ्या अंगावर आहे,” यजमान सदरा झटकत म्हणाले. पण त्यांनीही चादर तशीच बादलीत टाकली आणि खुर्ची खिडकीपाशी ओढली. खिडकीत फोनला रेंज बरी मिळे.

कवळीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गल्लीत त्यांना सगळे तेच म्हणत, कारण दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या एका अरुंद खोलीत बसून त्यांनी एकतीस वर्षं कवळ्या बनवल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या बोळक्या तोंडाचं माप यायचं. त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेण बसवायचं, मेणात एकेक दात उभा करायचा. मग तो मेणातला जबडा रुग्णाच्या तोंडात घालून डॉक्टर म्हणत, “म्हणा साठ, एकसष्ट, सहासष्ट.” कवळीबाई पडद्यामागे उभ्या राहून नुसतं ऐकत. ‘स’ची शिट्टी वाजली की दात नखभर मागे घ्यायचा, ‘व’ अडखळला की वरचा दात लांब झाला. माणूस न बघता नुसत्या आवाजावरून त्या सांगत, “डॉक्टर, डावीकडचा चावतोय त्यांना. आणि सकाळपासून पोटात काही नाहीये बहुतेक, तोंड कोरडं वाजतंय.” डॉक्टर हसत आणि म्हणत, “बाई, तुमचे कान तपासायला पाहिजेत.” असे ते कान. पण तोंड? चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. शाळेत जेवढं शिकल्या तेवढं कळायचं, समोरचा सावकाश बोलला तर बऱ्यापैकी कळायचं, पण ओठांपर्यंत येताना शब्द कुठे गळून जायचे देव जाणे.

आणि आता एक्कावन्नाव्या वर्षी त्या परदेशात जाऊन इंग्रजीचा कोर्स करायला निघाल्या होत्या. गल्लीत कुजबुज होतीच. “कवळीबाईंना म्हातारचळ लागलाय.” लागेना का. त्यांना फक्त ताई दिसत होती.

ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. नऊ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, त्यामुळे हिला न्हाऊमाखू घातलं, वेणी घातली, पाढे घोकून घेतले ते ताईनेच. ही सारखी गुणगुणायची म्हणून ताईने हिचं नाव ‘भुंगी’ ठेवलं, आणि पुढे ही कवळ्यांना चकाकी देणाऱ्या मशीनवर बसायला लागल्यावर चिडवलं, “शेवटी भुणभुणायचाच धंदा पत्करलास ना, भुंगे!” लग्न होऊन ताई परदेशी गेली त्याला सव्वीस वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. चार वर्षांपूर्वी मेव्हणे गेले. आणि सहा महिन्यांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

वाचा थोडी परत आली, पण ती भलतीकडून आली. सव्वीस वर्षं जे इंग्रजी ती घडाघडा बोलत होती ते धुऊन निघालं. उरले दोनचार शब्द. यस, नो, थँक्यू. बाकी जे काही तोंडातून येई ते मराठीचे तुकडे, तेही मोडके. तिला ठेवलं होतं त्या शुश्रूषागृहात मराठीचा गंध असलेलं एकही माणूस नव्हतं. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, कुणीतरी नर्स तिच्या तोंडासमोर दहा मिनिटं फोन धरायची. दर गुरुवारी ताईचे गाल आणखी आत गेलेले असायचे.

मग शुश्रूषागृहाचं पत्र आलं. यजमानांनी शब्द जुळवून जुळवून ते वाचलं. रुग्ण अन्न नाकारते. वजन अठ्ठावन्नवरून एक्केचाळीसवर आलं आहे. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी बैठक होईल. त्यात पोटात नळी घालण्याचा आणि तिला दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या जागी हलवण्याचा निर्णय होईल. तिथे नळीवरचे रुग्ण असतात, बोलण्याचा सराव वगैरे नसतो. रोज भेटू शकेल असं जवळचं कुणी लवकर येणार असल्यास तसा कागद दाखवावा, म्हणजे निर्णय थांबवता येईल.

“अन्न नाकारते?” कवळीबाई म्हणाल्या. “आमची ताई? शेजाऱ्यांच्या घरी फोडणी पडली तरी हिला भूक लागायची!”

पाहुणी म्हणून जायचा परवाना त्यांनी आधीच दोनदा मागितला होता, दोनदा नाकारला गेला होता. कारणात एवढंच, की परतण्याची खात्री वाटत नाही. तिसरी वाट दाखवली ती बसथांब्याजवळच्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराने. तरणा माणूस, गळ्यात निळा टाय, टेबलावर चकचकीत पुस्तिकांची चळत.

“काकू, कोर्सला प्रवेश घ्या. प्रवेशाचं पत्र आलं की तोच तुमचा कागद.”

“पण म्हणजे खोटं बोलून जायचं का? ते मला जमायचं नाही. देवाला काय तोंड दाखवू?”

“खोटं कशाला? तुम्हाला इंग्रजी शिकायचं नाहीये?”

कवळीबाईंनी विचार केला. ताईला काय हवंय, काय दुखतंय, हे त्या नर्सेसना सांगायला इंग्रजी पाहिजेच होतं. जन्मात कशाची एवढी निकड त्यांना वाटली नव्हती. “शिकायचंय,” त्या म्हणाल्या. “अगदी शपथेवर शिकायचंय.”

तीन पुस्तिका निघाल्या. पहिलीवर समुद्र, हिरवळ आणि घोडे. सकाळी इंग्रजी, दुपारी घोडेस्वारी. यजमान सोबत होते, त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “घोडा आपल्याशी इंग्रजीत बोलणार का?” दुसरी एका मोठ्या शहरातली, काचेची इमारत, दात दाखवून हसणारी पोरं. कवळीबाईंनी सवयीने दातच पाहिले. तिथे मुलाखत नव्हती, फॉर्म आणि चार फोटो दिले की प्रवेश. पण ते शहर ताईच्या गावापासून रेल्वेने सहा तास, आणि कोर्स सुरू व्हायला दोन महिने. तिसरी पुस्तिका साधी, दोन पानांची, फोटोसुद्धा धड नव्हता. एका छोट्या गावातली शाळा, सोळा आठवडे, तीन आठवड्यांनी सुरू. गाव ताईचं. सल्लागाराने नकाशा काढून दाखवला. शाळेपासून शुश्रूषागृह चालत अकरा मिनिटं.

“हाच,” कवळीबाई म्हणाल्या. त्यांनी त्या अकरा मिनिटांच्या रेघेवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

“याला फोनवर मुलाखत असते हं, काकू. शाळेच्या मॅडम स्वतः घेतात. त्यांना दोनच गोष्टी बघायच्या असतात. शिकायची तळमळ आहे का, आणि कोर्स झाल्यावर तुम्ही परत जाणार ना.”

तीच मुलाखत आज, अर्ध्या पिळलेल्या चादरीवरून उठून.

मॅडमचा आवाज मऊ होता. सावकाश, शब्द सुटे करून बोलत होत्या. कवळीबाईंना सगळं कळत होतं. त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. काम काय करता, घरी कोण असतं, हे झालं. कवळी म्हणजे काय ते सांगताना इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी “टीथ, आय मेक, फॉर ओल्ड पीपल” म्हटलं आणि पलीकडे मॅडम छान हसल्या.

मग मॅडमनी विचारलं, तुम्ही याआधी कधी परदेशात गेला नाहीत?

“यस,” कवळीबाई म्हणाल्या. खरंच गेल्या नव्हत्या.

कोर्स संपल्यावर इथेच राहायचा तुमचा विचार नाही ना?

“यस! यस, मॅडम!”

मग मॅडमनी आणखी सावकाश विचारलं, म्हणजे तुम्ही तुमच्या घरी परत जाणार नाही?

“नो, नो, नो!” कवळीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. असा कसा गैरसमज झाला बाईंचा! छे छे, तसं मुळीच नाही!

मॅडम म्हणाल्या, थँक्यू. फोन ठेवला.

यजमानांनी ओल्या सदऱ्यानिशी टाळी दिली. “अगं, फाडफाड बोललीस की! एकदाही अडखळली नाहीस.”

कवळीबाई दोन्ही हात जोडून खिडकीबाहेर आभाळाकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते. एकतीस वर्षांत मेणात बसवलेला एखादा जबडा पहिल्याच खेपेला तंतोतंत बसावा, तसं वाटत होतं.

बुधवारी सल्लागाराचा निरोप आला, येऊन जा. टायवाल्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

“नाही म्हणाल्या, काकू.”

कवळीबाई टेबलावर पुढे वाकल्या. “का? मी काय चुकीचं बोलले?”

त्याने मॅडमचा मेल वाचून दाखवला. बाई मला फार आवडल्या, पण त्यांनी तीन प्रश्नांना दिलेली उत्तरं एकमेकांना धरून आहेत. त्या आधी परदेशात जाऊन आल्या आहेत, ते अर्जात लिहिलेलं नाही. कोर्स संपल्यावर इथे राहायचा त्यांचा विचार आहे. घरी परत जाणार नाही असंही त्यांनी ठामपणे सांगितलं.

“मी? मी असं सांगितलं? अहो, तुम्ही होतात ना तिथे, सांगा की यांना!”

यजमान नुसते मान हलवत राहिले. सल्लागाराने कपाळाला हात लावला. “थांबा. त्यांनी विचारलं, इथे राहायचा विचार नाही ना. तुम्ही काय म्हणालात?”

“यस म्हटलं. विचार नाहीच, म्हणून हो म्हटलं.”

“तिथेच घात झाला. इंग्रजीत तसं चालत नाही. विचार नसेल तर ‘नो’ म्हणायचं. ‘यस’ म्हटलं की विचार आहे.”

“म्हणजे त्या म्हणणार ‘नाही ना’, त्यांचं बरोबर असलं तरी मी म्हणायचं ‘नाही’?”

“हो.”

“आणि परत जाणार नाही का असं विचारलं आणि मी जाणार असले, तर?”

“तर ‘यस’. आपण समोरच्याच्या बोलण्याला हो-नाही म्हणतो. ते गोष्टीलाच हो-नाही म्हणतात. तुमचं एकेक उत्तर बरोबर उलटं पोचलं.”

“हे कसलं शहाणपण!” कवळीबाईंचा आवाज फुटला. “सरळ विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं ना! अरे बाबा, तुझ्या हातापाया पडते, लिही त्यांना, चूक झाली म्हणावं.”

सल्लागार वाईट माणूस नव्हता. त्याने तिथल्या तिथे मेल केला. संध्याकाळी उत्तर आलं. शुक्रवारी अकरा वाजता मॅडम एकदा, पाच मिनिटं, पुन्हा बोलतील. त्यानंतर यादी बंद. मोठ्या शहरातल्या कोर्सचा फॉर्म शनिवारी दुपारपर्यंत द्यायचा होता, तोही सल्लागाराने हातात ठेवला. “असू दे, काकू. हातचा.” आणि सोमवारी तिकडे बैठक.

गुरुवार उजाडला. ताईचा दिवस.

फोनवर चित्र हललं, छत दिसलं, मग ताई. कवळीबाईंनी फोन जवळ घेतला. एवढा हनुवटीचा उंचवटा पूर्वी कधी दिसला नव्हता. स्वतःच्या हातांनी बनवून पाठवलेली कवळी तिच्या तोंडात नव्हतीच. तोंड वाकडं झाल्यावर ती बसेना, म्हणून कपात काढून ठेवलेली.

“ताई, मी भुंगी.”

ताईचा डावा डोळा हसला. “भुं,” ती म्हणाली. “भुं. ये.”

“येते ग, येते. कोर्स निवडलाय. अकरा मिनिटांवर.” पुढचं सांगवेना.

तेवढ्यात फोन धरणाऱ्या नर्सने दुसऱ्या हाताने वाटी पुढे केली. काहीतरी पातळ, पिवळसर. तिच्या आवाजात प्रेम होतं, सावकाश विचारत होती. आजवर वीस-पंचवीस वेळा ते शब्द कवळीबाईंच्या कानांवरून गेले होते, पण त्यांचे डोळे ताईवर खिळलेले असल्यामुळे शब्दांकडे लक्षच गेलं नव्हतं. आज गेलं. कालपासून ते एकच डोक्यात घुमत होतं ना!

“डोन्ट यू वाँट इट?”

तुम्हाला नको का हे?

“नो,” ताई म्हणाली. “नो, नो.” आणि डावा हात चादरीवरून वर उचलला.

“ओके, डियर,” नर्स म्हणाली आणि वाटी बाजूला गेली.

कवळीबाईंनी ऐकलं. एकतीस वर्षं पडद्यामागून तोंडं ऐकलेल्या त्या कानांनी ऐकलं. तो ‘नो’ कोरड्या तोंडाचा नव्हता. ‘न’ म्हणताना जीभ टाळूवरून सुटली ती ओली सुटली होती. तोंडाला पाणी सुटलेल्या माणसाचा ‘नो’ होता तो.

आणि क्षणात समोर आलं ते लहानपणचं स्वयंपाकघर. आई पातेल्यात उरलेलं शेवटचं वाढायला घ्यायची आणि मुद्दाम ताईला चिडवायची, “तुला नकोच असेल ना ग?” की ताई किंचाळायची, “नाही नाही नाही! हवंय!” आणि हात पुढे करायची. डावा. डावखुरीच होती ती. रोजचा खेळ होता. आता पुढचं ‘हवंय’ आजाराने गिळलं होतं. उरला होता नुसता ‘नो’.

“नर्स! नर्स!” कवळीबाई ओरडल्या. “शी यस! नो इज यस! गिव्ह! गिव्ह!”

नर्सचा गोंधळलेला, हसरा चेहरा दिसला. “यस, यस, बाय बाय!” ती म्हणाली. ताईची नजर वाटी गेली त्या बाजूला वळलेली, तेवढी शेवटची दिसली. चित्र गेलं.

त्यांनी शुश्रूषागृहाचा नंबर लावला. यंत्राचा आवाज आला, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. यजमानांनी सगळे आकडे दाबून पाहिले. एकदा नुसतं संगीत वाजत राहिलं, वाजून वाजून तुटलं. दोघं धावतपळत सल्लागाराकडे गेले, त्याने सगळं नीट लिहून मेल पाठवला. लगेच उत्तर आलं तेव्हा तिघांचेही चेहरे फुलले. वाचल्यावर पडले. तुमचा संदेश मिळाला, सात कामाच्या दिवसांत उत्तर दिलं जाईल.

“सात दिवस!” कवळीबाई मटकन बसल्या. “सहा महिने ती भूक भूक म्हणतेय हो. सहा महिने! आणि मी समोर बसून बघतेय, म्हणतेय, ताई जेव ग, हट्ट करू नको. मी तिला रागावले हो गेल्या गुरुवारी!”

यजमानांना एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचायचं. त्या दिवशी त्यांनी नुसती कवळीबाईंची पिशवी आपल्या हातात घेतली आणि घरचा रस्ता धरला.

घरी येऊन कवळीबाईंनी हात जोडले. रोजच्यासारखं तोंडात आलं, “देवा, तू तिला उपाशी ठेवणार नाहीस ना?” आणि त्या एकदम थबकल्या. हाही उलटाच प्रश्न. देव हो म्हणाला काय आणि नाही म्हणाला काय, धरायचं काय त्यातून? त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि लहान मुलाला सांगावं तसं सरळ सांगितलं, “देवा, ताईला जेवायला घाल. उद्याच्या उद्या.”

शुक्रवारी पावणेअकराला खुर्ची खिडकीशी आली. यजमानांनी मोठ्या अक्षरांत कागद लिहून समोर धरला होता. परत येणार आहे का, तर यस. राहणार आहे का, तर नो. ते लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होते, त्यांची भाषा तीच. “दार पाच मिनिटंच उघडं राहणार आहे. सरळ आत शिरायचं, इकडेतिकडे बघायचं नाही.” हातात घड्याळ.

“गुड मॉर्निंग,” मॅडम म्हणाल्या. आवाज तोच, मऊ. काय गैरसमज झाला ते आपल्याला कळलं आहे, असं काहीसं त्या सुरुवातीलाच म्हणाल्या. मराठी बोलणाऱ्यांचंच नव्हे, बऱ्याच लोकांचं हे असं होतं.

बऱ्याच लोकांचं असं होतं. म्हणजे या बाईला हे ठाऊक आहे. त्या सबंध गावात हे ठाऊक असलेलं एक माणूस, आणि ते आत्ता, या घटकेला, आपल्या कानाशी आहे.

कवळीबाईंनी यजमानांच्या हातातला कागद बाजूला सारला.

“मॅडम, नॉट मी. माय सिस्टर.”

यजमानांनी डोळे मोठे केले, हाताने खूण केली, कोर्स, कोर्स! कवळीबाईंनी पाठ फिरवली.

“माय सिस्टर, युवर टाउन. सिक. नर्स आस्क, डोन्ट यू वाँट. शी से नो. लाइक मी, मॅडम. सेम मिस्टेक लाइक मी. शी हंग्री. सिक्स मंथ हंग्री.”

मग मॅडमनी हळूच विचारलं, “शी इज नॉट ईटिंग?”

‘यस’ जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. हो ना, नाहीच जेवत! कवळीबाईंनी तो दातांमागे अडवला. पुढच्या दातांना जीभ टेकवली, तशीच धरली, आणि मेणात दात उभा करावा तितक्या सावकाश म्हणाल्या,

“नो. नॉट ईटिंग. बट शी वाँट.”

मॅडमनी शुश्रूषागृहाचं नाव विचारलं. कवळीबाईंनी पत्र समोर धरून एकेक अक्षर सांगितलं. चूक नको म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा सांगितलं. मग सोमवारच्या बैठकीचं सांगितलं. मग कसं विचारायचं तेही सांगायचा प्रयत्न केला. “आस्क स्ट्रेट. यू वाँट? ओन्ली यू वाँट? नो डोन्ट.” मॅडम भराभर काहीतरी बोलल्या, बाई घाईत होत्या की रडत होत्या कळेना. कवळीबाईंच्या हाती त्यातले तीनच शब्द लागले. आय, गो, लंच. मग थँक्यू, मग फोन बंद.

यजमान घड्याळाकडे बघत होते. “पाच मिनिटं वीस सेकंद.” मग खाली बसले. “आणि प्रवेशाचं?”

“राहिलं.”

“विचारलंसुद्धा नाहीस?”

“काय विचारायचं होतं? तोंड एक, मिनिटं पाच.”

“आय, गो, लंच,” यजमान पुटपुटले. “मी जेवायला जाते, असंही असेल ते.”

“माहीत आहे मला.” कवळीबाईंनी फोन ओट्यावर ठेवला. मॅडम जातील का. गेल्याच तर त्यांना आत सोडतील का. सोडलंच तर ताई अनोळखी बाईसमोर ‘यस’ म्हणेल का, की घाबरून गप्प बसेल. सोमवार काही थांबणार नव्हता. पुढच्या गुरुवारी दहा मिनिटांचा फोन येईल की दोनशे किलोमीटरवरून तोही येणार नाही, हे कुणाला विचारणार?

यजमान उठले. टेबलावरच्या वहीखालून त्यांनी मोठ्या शहराच्या कोर्सचा फॉर्म काढला, दात दाखवून हसणाऱ्या पोरांचा. पेनाचं टोपण काढून तिच्यापुढे ठेवलं.

“सहा तास लांब आहे,” कवळीबाई म्हणाल्या.

“तिला तिकडे हलवलं तर कदाचित पाचच होतील,” ते म्हणाले. थट्टेचा प्रयत्न होता, जमला नाही. मग खाली बघून म्हणाले, “भर. एक तरी दार उघडं ठेवू.”

त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं. कोर्स का करायचा आहे, या रकान्यापाशी थांबल्या. मग यजमानांना विचारून, खाडाखोड न करता, एकच इंग्रजी वाक्य लिहिलं. माझ्या बहिणीला भूक लागली आहे हे मला सांगता यावं म्हणून. फॉर्मच्या कोपऱ्यात चौकोन रिकामा होता, त्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती. फोटो चार, मागे पांढरा पडदा, चष्मा नको, तोंड मिटलेलं, दात दिसू नयेत.

फोटोचं दुकान एक वाजता जेवणासाठी बंद व्हायचं. कवळीबाईंनी केस सारखे केले, फॉर्म पिशवीत घातला, आणि त्या चार फोटो काढून आणायला निघाल्या.